सतरा नंबरच्या घरची माणसं

फेब्रुवारीत मी आणि माझी धाकटी बहीण वैशाली बेंगळुरूला जाऊन आलो. परत आल्यावर भिशीतल्या बायकांनी विचारलं, बागा बघितल्या का, रेशमी साड्या घेतल्या का. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कुठे गेले की चार पानं लिहायची आणि त्यांना वाचून दाखवायची, अशी माझी सवय आहे. या वेळी बरेच महिने पेन हातात घेतलं नाही. आता लिहायला बसले ती वैशालीनंच सांगितलं म्हणून. "आक्का, झालं ते सगळं एकदा लिहून काढ," ती म्हणाली. "लोक भेटलं की इचारत्यात, आणि मला दर वेळी पयल्यापासनं सांगावं लागतंय."

आम्ही कोल्हापूरच्या. आमच्याकडे पेठेपेठेत तालमी आहेत आणि तालमींचे फुटबॉल संघ आहेत. मॅचच्या दिवशी दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून मैदानाकडे जातात आणि रात्री हरलेल्या पेठेत कुणाच्या घरी धड जेवण होत नाही. वैशालीचा मुलगा अभिजित याच वातावरणात वाढला. आम्ही त्याला अभी म्हणतो. डाव्या पायाचा खेळाडू, भलता चपळ. तो एकोणीस वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. ते महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळते, तशी ती अभीला मिळणार होती. सगळे कागद तयार होते. त्याच सुमारास पूर्वेकडच्या एका शहरातल्या व्यावसायिक संघानं त्याला बोलावलं, आणि त्यानं आईला सांगितलं, मी नोकरी घेणार नाही.

घरात त्या दिवशी काय झालं ते मी सांगत बसत नाही. ती जागा शेवटी वैशालीनं स्वतः घेतली. चाळिशी उलटलेली, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेली बाई पाणीपट्टी भरायच्या खिडकीत बसायला लागली. अभी फोन करायचा. ती जेवलास का, झोपलास का एवढंच विचारायची. फुटबॉलचं नाव तिनं काढलं नाही. तोही तिकडे राखीव खेळाडूंत बसून होता. कधी शेवटची पाच मिनिटं उतरवत, कधी तेही नाही.

मग जानेवारीच्या शेवटी त्याचा मला फोन आला. "मावशी, बेंगळुरूला मॅच हाय. तिथं तुझं पाहुणं हाईत न्हवं? आईला घिऊन ये. या बारीला खेळवतील वाटतंय."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही आणि तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकूनच माझ्याकडे आली.

महादेवपुरा

माझ्या यजमानांचे चुलतभाऊ विनायकभाऊजी बेंगळुरूत राहतात. सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी महादेवपुऱ्यात घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं आणि तळं होतं, असं ते सांगतात. आता घराच्या तिन्ही अंगांना काचेच्या इमारती आहेत. सकाळी गच्चीवर गेलो तर समोरच्या इमारतीत एक मुलगी आमच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसलेली दिसली, आणि संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गेलो तरी ती तशीच बसलेली होती. वैशाली बराच वेळ तिच्याकडे बघत होती. "हिची बी खिडकीच हाय की," ती म्हणाली.

भाऊजींचं मराठी आता निम्मं कानडी झालं आहे. प्रत्येक वाक्याआधी 'सरी सरी' म्हणजे बरं बरं, आणि जरा थांबा म्हणायचं तर 'स्वल्प थांबा वहिनी'. त्यांची बायको शैला मूळची सांगलीची, पण गल्लीतले सगळे तिला अक्का म्हणतात आणि ती भाजीवाल्याशी इतक्या भराभर कानडीत भांडते की मला तिची आई आठवली. त्या माउलीला सांगलीबाहेरचं जग माहीत नव्हतं. शैलानं आम्हाला मुद्दाम नाचणीचा मुद्दा करून वाढला. उकडीचा गरम गोळा, बरोबर पातळ आमटीसारखं सारू. चावायचं नाही, आमटीत बुडवून थेट गिळायचं, हे कळेपर्यंत वैशालीच्या दातांना सगळा मुद्दा चिकटला होता. बऱ्याच दिवसांनी ती पोट धरून हसली.

त्या संध्याकाळी अभीचा फोन आला. संघ हॉटेलात उतरला होता, मॅच होईपर्यंत कुणाला भेटायची परवानगी नव्हती. वैशालीनं फोन स्पीकरवर ठेवला होता.

"आई, उद्या सुरुवातीपासनं हाय मी."

"म्हंजे?"

"म्हंजे पहिल्या अकरात. नाव आलंय."

"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"

फोन ठेवला आणि ती शैलाच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिली. तिनं कोल्हापुराहून शेंगापोळ्या करून आणल्या होत्या. त्या तिनं डब्यातून काढल्या, पुन्हा नीट रचल्या आणि झाकण लावलं. हे तिनं तीनदा तरी केलं असेल.

स्टेडियम

मॅच संध्याकाळी पाचची होती. मेट्रोतून उतरून आम्ही चालत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं, त्यातली काही नुसती गुलाबी फुलांनी भरलेली, पान एकही नाही. निळे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी घोळक्यानं चालली होती. ती इथल्या संघाची माणसं. आम्ही ज्या रिक्षावाल्याला आधी विचारलं होतं, त्यानं "स्टेडियम? क्रिकेटा?" असं विचारलं आणि फुटबॉल म्हटल्यावर आमच्याकडे पुन्हा एकदा बघितलं. कोल्हापुरात मॅचच्या दिवशी मैदान कुठे असं विचारायची वेळ कुणावर येत नाही.

फाटकावर तपासणी होती. नाणी, पाण्याच्या बाटल्या, कंगवे, सगळं काढून घेत होते. पोलीस बाईनं वैशालीच्या पिशवीतला डबा बाहेर काढला.

"ऊटा बिडल्ला अम्मा," ती म्हणाली. जेवण आत सोडत नाही.

"माझ्या लेकासाठी हाय," वैशाली तिला मराठीतच म्हणाली. "तो खेळालाय आत."

भाऊजींनी कानडीत समजावून पाहिलं. बाईनं मान हलवली. मुलगा खेळतो म्हणणारे तिला रोज भेटत असावेत. शेवटी बाहेर शहाळी विकणाऱ्याच्या गाड्यावर डबा ठेवून यावा लागला. तो डबा तिथंच राहिला. पुढे आमच्यापैकी कुणालाच त्याची आठवण राहिली नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर मैदान किती लांब आहे. भोवती लाल रंगाचा पळण्याचा ट्रॅक, त्यापलीकडे हिरवळ, आणि आम्ही उघड्या गॅलरीत सिमेंटच्या पायऱ्यांवर. कोल्हापुरात बाजूच्या रेषेवरचा खेळाडू शिंकला तरी पहिल्या पायरीवरचे ऐकतात, आणि त्याला काय वाटेल ते ऐकवतात. इथं माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. समोरच्या बाजूला निळ्या लोकांचा एक मोठा गट ढोल वाजवत उभा होता. अभीच्या संघाचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. संघाकडून पास आले होते ते याच गॅलरीचे, त्यामुळे आम्ही चौघं निळ्या लोकांच्या मधोमध बसलो.

"कुठला गं आपला?" वैशाली विचारत राहिली. मला तरी कुठे दिसत होता? शेवटी शैलानं शोधला. पांढरा शर्ट, पाठीवर सतरा. तो आमच्याच बाजूच्या रेषेजवळ पाय मोकळे करत होता. त्यानं एकदा गॅलरीकडे बघून हात वर केला. आम्ही कुठे बसलो आहोत ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं नुसता सगळ्या गॅलरीला मिळून हात केला. आमच्या शेजारचा तरुण लगेच उठून ओरडला, "ए सेव्हन्टीन, घरी जा घरी!" आणि मग कानडीत आणखी काहीतरी, ज्यावर आजूबाजूचे हसले.

मी वैशालीला म्हटलं, "लक्ष देऊ नको. आपल्याकडे याच्यापेक्षा वाईट बोलतात."

तो तरुण वळला. "तुम्ही मराठी काय? मी निपाणीचा. महेश." एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत नोकरीला होता, दर मॅचला येत होता. बोलका मुलगा. मावशी, हा नियम असा, तो नियम तसा, असं समजावून सांगायला लागला. मग त्यानं सहज विचारलं, "पहिल्यांदाच आलायसा? कुठल्या टीमला सपोर्ट म्हणायचा?"

"सतरा नंबर," वैशाली म्हणाली. "माझा मुलगा हाय."

महेशचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं गळ्यातला निळा पंचा काढून मांडीवर ठेवला. "काकू, चुकलं. आम्ही सगळ्यांनाच ओरडतो हो."

"ओरड की," वैशाली म्हणाली. "पैसं भरून आलायस."

त्यानंतर तो ओरडला नाही. उलट चेंडू अभीकडे यायला लागला की हळूच सांगायचा, "बघा काकू, आता बघा."

आणि आम्ही बघितलं. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण एवढं कळलं की त्या बाजूनं पळताना त्याला कुणी पकडू शकत नव्हतं. एकदा तो समोरच्या खेळाडूला मागे टाकून थेट कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथून त्यानं चेंडू मध्ये असा टाकला की आमच्या भोवतीच्या निळ्या माणसांनीसुद्धा श्वास रोखला. गोलकीपरनं उडी मारून तो बाहेर घालवला. वैशालीनं माझं मनगट धरलं होतं.

"आक्का, हा असा पळतोय व्हय?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

पहिला अर्धा भाग संपायला अजून थोडा वेळ होता. चेंडू मैदानाच्या मध्याजवळ होता. अभी त्याच्यावर गेला, समोरून दुसरा एक जण आला, दोघंही वेगात. दोघांचे पाय चेंडूला एकदमच लागले. चूक कुणाचीच नव्हती, असं नंतर महेशनंही सांगितलं आणि अभीनंही. दुसरा उठला. अभीनं उठायचा प्रयत्न केला आणि त्याचा उजवा पाय त्याच्याबरोबर उठला नाही.

इतक्या लांबून आवाज काही आला नाही. आधी आमच्या गॅलरीत शिट्ट्या वाजल्या, नाटक करतोय म्हणून. समोर ढोल चालूच होते. मग आम्हाला दिसलं की ज्याच्याशी टक्कर झाली तो निळा खेळाडू दोन्ही हात डोक्यावर ठेवून पाठ फिरवून उभा राहिला आहे, आणि बाकीचे सगळे बाजूच्या रेषेकडे जोरजोरानं हात हलवत आहेत. शिट्ट्या थांबल्या. ढोल सगळ्यात शेवटी थांबले.

स्ट्रेचर आलं. त्याला उचलताना सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. महेशही उभा राहिला.

"टाळ्या कशाला वाजवालेत?" वैशालीनं त्याला विचारलं.

"मान द्यायला, काकू. तशी पद्धत आहे."

"तो उठंना झालाय, आणि हे टाळ्या वाजवालेत," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी साधं सांगावं तसं. मग ती उठली आणि पायऱ्या उतरायला लागली. आम्ही तिच्या मागून.

खाली जाळीच्या दारात पोलिसांनी अडवलं. भाऊजी कानडीत बोलत होते, पण त्यांचा आवाज इतका कापत होता की त्यांनाच कुणीतरी खाली बसवायला बघत होतं. मागून महेश धावत आला आणि त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. 'तायी' एवढा एकच शब्द मला कळला. आई. त्या हवालदारानं वैशालीकडे बघितलं आणि दार उघडलं. पण तोवर रुग्णवाहिका ट्रॅकवरून निघून गेली होती. कुठल्या हॉस्पिटलात नेलं हे महेशनंच आतल्या माणसांकडून काढलं.

आम्ही गॅलरीखालच्या बोळातून बाहेर पडत असताना वर एकदम प्रचंड गर्जना झाली. सगळं सिमेंट थरथरलं. इथल्या संघानं गोल केला होता. वैशाली थांबली, वर बघितलं, आणि पुन्हा चालायला लागली.

होसूर रोड

हॉस्पिटल शहराच्या दक्षिणेला, बोम्मसंद्र्याच्या वाटेवर होतं. संध्याकाळच्या त्या रस्त्यावर टॅक्सी दहा पावलं जायची आणि थांबायची. दोन्ही बाजूंनी कंपन्यांच्या बस, त्यांत खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं. महेश पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता; त्याला या म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शैलानं एकदा विचारलं, "पाणी देऊ?" आणि वैशालीनं मान हलवली ती हो की नाही ते कळलं नाही.

अभी शुद्धीत होता. त्याचा मोजा आणि अर्धी चड्डी कातरीनं कापली होती. पायाला फळी बांधलेली. तोंडावर मैदानातलं गवत चिकटलेलं तसंच होतं. त्यानं आईकडे बघितलं आणि नजर छताकडे नेली. मला वाटलं तो रडेल. तो म्हणाला, "कुठं बसलावता तुम्ही? मला दिसलाच न्हाई."

"तुझ्याच बाजूला," मी सांगितलं.

नडगीचं हाड मोडलं होतं आणि गुडघ्यातली दोन लिगामेंट तुटली होती. सकाळी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर तरुण बाई होती, हिंदीत सावकाश बोलत होती. तिनं चित्र काढून समजावलं. भाऊजींनी विचारलं, पाय आखूड होईल का. मी विचारलं, किती दिवस झोपून राहावं लागेल. ती म्हणाली, "चलेगा अम्मा, बिलकुल चलेगा. चिंता मत करो."

वैशाली पुढे सरकली. ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "चलने का नहीं पूछा. खेलेगा क्या?"

डॉक्टरनं चित्राचा कागद घडी करून बाजूला ठेवला. "वो आज कोई नहीं बता सकता," ती म्हणाली.

नोकरीवरून जिनं दोन वर्षं मुलाशी धड बोलणं केलं नव्हतं, तिनं हा प्रश्न विचारावा, याची आमच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती. अभी आतल्या खोलीत होता. त्यानं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मॅच संपल्यावर त्याच्या संघाचा व्यवस्थापक आला. सभ्य मुलगा. अभीची बॅग आणि प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे बूट घेऊन आला होता. उपचाराचं सगळं विम्यातून होईल, कशाची काळजी करू नका, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मोबाइलवर व्हिडिओ लावून त्यानं कॅप्टनशी बोलणं करून दिलं; मागे बसमधली पोरं हात हलवत होती. संघाचं विमान सकाळी लवकर होतं. तो गेल्यावर खोलीत आम्ही आणि ती पिशवी, एवढंच उरलं. बुटांना चिखल होता. वैशालीनं ते न्हाणीघरात नेऊन धुतले आणि खिडकीत वाळत घातले.

ऑपरेशन ठीक झालं. महेश दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी इडल्या घेऊन आला. बेंगळुरूच्या त्या ताटलीएवढ्या इडल्या, वर तुपाची धार आणि चटणीची पूड. एरवी मी त्यांच्यावर अर्धं पान लिहिलं असतं. तो अभीच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "भावा, तू लई भारी खेळत होतास." अभीनं त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून पडले होते. मला झोप लागली असं दोघांना वाटलं असावं.

"बोल की," अभी म्हणाला. "काय बोलायचं ते बोलून टाक एकदाचं."

"काय बोलू?"

"नोकरीचं. घेतली असतीस तर आज असं झालं नसतं, म्हण."

वैशाली संत्रं सोलत होती. ती सोलत राहिली. "पहिल्या महिन्यातच कळलं मला," ती म्हणाली. "सकाळी दहाला त्या खिडकीत बसायचं. लोक पावती घेत्यात, तोंडाकडं बघत न्हाईत. आणि हे अजून पंधरा वरसं. म्हटलं, ह्यो का न्हाई म्हणाला ते आता कळलं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"राग हुता."

तिनं संत्र्याची फोड त्याच्या हातात दिली. त्यानं ती खाल्ली नाही, तशीच धरून ठेवली. "मला वाटायचं तू कधीच येणार न्हाईस बघायला," तो म्हणाला.

"आले की."

आठवडाभर आम्ही त्या हॉस्पिटलात होतो, पण त्या दोघांमध्ये यापेक्षा जास्त बोलणं माझ्या कानांवर आलं नाही.

बेंगळुरूचं मी एवढंच पाहिलं. शैला एका सकाळी मला जबरदस्तीनं जवळच्या देवळात घेऊन गेली. देवळाबाहेर मोगऱ्याचे गजरे हातावर मोजून देतात, कोपरापर्यंत एक माप, तसे दोन गजरे घेतले. एक वैशालीला आणून दिला. तिनं तो पलंगाच्या कठड्याला बांधला, आणि दुसऱ्या दिवशी सफाईवालीनं तो काढून टाकला.

परतीचा रस्ता

हे लिहिते आहे तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली आहे. मधल्या काळात अभीच्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं. तो आता काठीशिवाय चालतो; जिने चढला की गुडघा सुजतो. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा टक्कर व्हायची शक्यता असलेला कुठलाही खेळ खेळायचा नाही. संघाचा करार उन्हाळ्यात संपला. आभाराचा एक मेसेज आला, चांगल्या शब्दांतला, त्यानंतर कुणाचा फोन नाही. तालमीची पोरं रोज यायची, आता मधूनमधून येतात. मॅचच्या दिवशी मैदानावरचा आवाज घरापर्यंत येतो तेव्हा अभी आतल्या खोलीत जाऊन टीव्ही मोठा करतो. वैशाली खिडकीत बसते आहेच. पुढे काय करणार, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, बघू मावशी, आणि चप्पल घालून बाहेर गेला. त्यानंतर मी विचारलेलं नाही.

जिच्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट मात्र त्याआधीची, घरी परतलो त्या दिवसाची आहे. भाऊजींनी मोठी गाडी ठरवून दिली होती. मागच्या सीटवर अभीला आडवा पाय ठेवून बसवला; त्याच्या टाचेखाली शैलाची उशी होती आणि ती उशी वैशालीच्या मांडीवर. मी पुढे. पहाटे निघालो. तुमकूर गेलं, चित्रदुर्गाचे ते उघडे दगडी डोंगर आणि त्यांवरच्या पवनचक्क्या गेल्या, हुबळीला भात खाल्ला. खड्डा आला की अभी दात आवळायचा आणि वैशाली दोन्ही हातांनी त्याचा पाय धरायची. बेळगाव मागे पडेपर्यंत गाडीत कुणी चार वाक्यंसुद्धा बोललं नव्हतं.

उसाच्या गाड्या दिसायला लागल्या. कारखान्याचा तो गोडसर जळका वास आला आणि घर जवळ आल्याचं सगळ्यांनाच कळलं. तवंदीचा घाट उतरताना वैशालीनं अचानक विचारलं, "जिंकलं कोण?"

खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तोवर ते आलं नव्हतं. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

"ते," अभी म्हणाला. "एक-शून्य."

"आम्ही बाहेर पडताना झाला तोच?"

"तोच."

ती मग म्हणाली, "मला काय समजलं न्हाई त्यातलं. तो निपाणीचा पोरगा सांगत हुता, पण मी तुझ्याकडंच बघत हुते. तू सांग की. पयल्यापासनं."

अभीनं आरशातून माझ्याकडे बघितलं, मी पुढे बघत राहिले. त्यानं सुरुवात केली ती अगदी तुटक. आत जाताना बोगद्यात अंधार होता, हात गार पडले होते. पहिला चेंडू आला तो त्यानं घाबरून बाहेर मारला. मग समोरच्या खेळाडूचा एक कच्चा दुवा त्याला सापडला. तो नेहमी उजवीकडे वजन टाकायचा, म्हणून त्याच्या डावीकडून निघालं की तो वळेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. हे सांगताना अभीचा आवाज मोकळा झाला. तो हातांनी दाखवायला लागला, हा मी, हा तो, हा गोलकीपर. वैशाली मध्ये मध्ये विचारत होती. मध्ये उभ्या असलेल्या तुमच्या पोरानं डोक्यानं का नाही मारला? तुला कोण काय सांगत होतं? कोपऱ्यातून टाकलेल्या त्या चेंडूची गोष्ट त्यानं चांगली लांबवून सांगितली. गवत ओलं होतं, म्हणून त्यानं पाय कसा तिरपा धरला, चेंडू सुटला तेव्हाच कसं कळलं की हा बरोबर गेला. "आई, तो गोल हुता," तो म्हणाला. "त्या गोलकीपरनं काढला, ही त्याची कमाल. पण तो गोल हुता."

"व्हय," ती म्हणाली. "मी बघितला."

ड्रायव्हर कानडी होता, त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यानं गाडी हळू केली होती. घाट संपला. निपाणी मागे गेली, उन्हं कलायला लागली.

"मग बॉल मधल्या रेषेजवळ उडाला," अभी म्हणाला. "मला वाटलं, ह्यो माझाच हाय. निघालो." तो थांबला. त्याचे दोन्ही हात अजून हवेतच होते. ते त्यानं खाली घेतले.

"पुढचं तू बघितलंयस," तो म्हणाला.

वैशालीनं त्याच्या पायावरची चादर नीट केली.

"त्याच्या आधीचं परत एकदा सांग," ती म्हणाली.